डावी खुर्ची

बालाघाट
८ फेब्रुवारी

मृणालताई,

आमच्या घरून तुम्हा सर्वांना जयभीम. इकडची थंडी ओसरली आहे. माझा उजवा हात आता पेन धरतो, डावा अजून पट्टीत आहे. अक्षर वाकडं दिसेल ते त्यामुळे. हात आगीने भाजले नाहीत. विमानाच्या खिडकीतून दोरावरून उतरताना सोलले. तुमच्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? शिरीष सर आईच्या गुडघ्यांबद्दल नेहमी सांगायचे.

तुमचा मेसेज आला त्याच दिवशी वाचला. उत्तर दिलं नाही. आमच्याकडे फोन घरात ठेवता येत नाही, हे एक कारण. मी परत आल्यापासून आईने सगळे फोन अंगणात, रेती भरलेल्या घमेल्यात ठेवायला लावले आहेत. चार्जिंगही तिथेच. लोकेश, माझा धाकटा भाऊ, पहिल्या दिवशी हसला.

"आई, फोन हाय थो. बॉम्ब नाही."

"सांगून जळते का थे?" आई म्हणाली.

समोरचा प्रेमलाल त्याची ई-रिक्षा आमच्या भिंतीला लावून चार्ज करायचा. आईने ती हटवायला लावली. तो म्हणाला, "काकी, तुमची पोरगी हवेत होती. मी तं जमिनीवर हाव." रिक्षा मात्र त्याने हटवली. आता ती गल्लीच्या तोंडाशी उभी असते आणि रोज कोणीतरी त्याला शिव्या देतं.

अंगणात घमेल्यापाशी उभं राहून तुम्हाला काय लिहिणार? म्हणून कागद घेतला.

गेल्या रविवारी आमच्या घरी सरांचं जलदान झालं, आमच्यात गेलेल्या माणसासाठी करतात ते. तुम्हाला विचारलं नाही. आईने ठरवलं. मी म्हटलं, ते आपल्यातले नाहीत, त्यांच्या घरी त्यांचं सगळं झालं असेल. ती म्हणाली, "ज्यानं पोरगी घरी पोचवली, त्याचं आपल्या घरी काहीच कराचं नाही का?" फोटो नव्हता. तिने पेपरमधला कापला. वर बातमी होती, आग लागली तेव्हा कॅप्टन जागेवर नव्हते, अशी. ती ओळ कात्रीने काढून टाकली आणि फोटो पुठ्ठ्यावर चिकटवला. मेणबत्त्या लावल्या. वॉर्डातली माणसं आली. पंचशील झालं, सगळ्यांनी पाणी ओतलं.

त्यानंतर आमच्याकडे एकेकाने उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचे असतात. सरांना कोणीच पाहिलेलं नव्हतं. तरी माणसं उठली. फकिराबाबा म्हणाले, "मी साहेबाले पाह्यलो नाही. विमानात बसलो नाही. पण माणूस बराबर होता," आणि खाली बसले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले नाही. शेवटी शेजारच्या गोदाबाईंनी चुलीकडून विचारलं, "त्यायले चहा साखरेचा लागे का बिनसाखरेचा?"

"बिनसाखरेचा," मी म्हटलं.

त्या दिवशी सगळ्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला. लहान पोरांनी तोंडं वाकडी केली. मी तेवढंच बोलले.

तुमचा प्रश्न एका ओळीचा होता. ते खुर्ची सोडून का उठले?

निघण्याआधी सरांनी विमानात चढवलेल्या मालाची यादी पाहिली. खेळण्यांच्या पेट्या खूप होत्या. ते म्हणाले, "काहून वो बालाघाट, एवढे लेकरं राहतात तरी कुठे?" ते मला बालाघाटच म्हणायचे. त्या पेट्यांत मोबाइलच्या बॅटऱ्या होत्या. बॅटऱ्या म्हणून लिहिल्या तर पॅकिंग वेगळं, जागा वेगळी, खर्च वेगळा. म्हणून कोणीतरी खेळणी लिहिलं होतं. हे मला नंतर कळलं. सरांना कळलं नाही.

सकाळ होती. बाहेर स्वच्छ ऊन होतं. आधी गोडसर वास आला, मग मागच्या भागातल्या आगीचा इशारा, मग धूर. दोघांनी ऑक्सिजनचे मास्क लावले. मागच्या भागातली हवा कमी करायची, म्हणजे आग विझते, असं आम्हाला शिकवतात. आम्ही ती केली. बॅटरीची आग तशी विझत नाही. एक पेटली की ती शेजारचीला तापवते. थोड्या वेळाने मला समोरचे आकडे दिसेनासे झाले. मग सरही दिसेनासे झाले. ते डाव्या खुर्चीत, मी उजव्या. हात लांब केला तर लागतील इतक्या अंतरावर.

कानात त्यांचा आवाज आला, "हवा येत नाही."

त्यांच्या मास्कमध्ये ऑक्सिजन येत नव्हता. माझ्या मास्कमध्ये येत होता. मी माझ्या मास्कला हात घातला. थोडी त्यांना, थोडी मला, असं काहीतरी डोक्यात असेल. त्यांनी चाचपडत माझं मनगट पकडलं आणि हात परत होता तिथे, विमानाच्या कंट्रोलवर ठेवला. म्हणाले, "धर. सोडू नको." मग उठले. ऑक्सिजनची सुटी बाटली खुर्च्यांच्या मागे असते. ती घ्यायला उठले. ते पळाले नाहीत, ताई. तिथे पळायला जागा नसते. मागे दार असतं आणि दारामागे आग.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. सासूबाईंना वाचून दाखवायचं असेल तर इथपर्यंत दाखवा.

तुम्ही जे विचारलं नाही ते खाली लिहिते.

सर बाटलीपर्यंत पोहोचले होते. बाटली त्यांच्या हातात होती, असं त्यांना बाहेर काढणाऱ्यांनी सांगितलं. ती उघडलेली नव्हती. ते उठल्यावर माझ्या खुर्चीच्या पाठीवर त्यांची थाप पडली. जरा वेळाने पुन्हा पडली. रेडिओवर विमानतळावरचा एक माणूस मला सांगत होता, डावीकडे, आणखी डावीकडे, आता खाली. मला काहीच दिसत नव्हतं, त्याच्या आवाजावर विमान चाललं होतं. मी मागे वळले नाही. हातही मागे नेला नाही. धर म्हणाले म्हणून धरून ठेवलं, की मला मरायचं नव्हतं म्हणून, हे मला वेगळं करता येत नाही. करून पाहिलं. थापा बंद झाल्या. नंतर चाकं जमिनीला लागली.

कॉकपिटमधले आवाज टिपणारं यंत्र जळालं. त्यामुळे हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. चौकशीत मी 'आठवत नाही' असं लिहून दिलं. कंपनीचे एक गृहस्थ हॉस्पिटलमध्ये आले होते. म्हणाले, धक्क्याने असं होतं, जोर देऊ नका. मास्कचं मला आठवलं नाही तर तो कोणी तपासला होता हे कोणी विचारणार नाही. मला थापांबद्दल कोणी विचारणार नाही. कंपनीचं आणि माझं दोघांचं भागत होतं. फक्त सर खुर्ची सोडून पळालेले ठरत होते, आणि ते सांगायला येणार नव्हते.

मी सोमवारी दिल्लीला जाते आहे. चौकशीसमोर पुन्हा बसायला मागितलं आहे. त्या गृहस्थांचा परवा फोन आला होता. तो आईने अंगणात घेतला. ते म्हणाले, मॅडमना सांगा, नीट विचार करा, पुढे उडायचं आहे ना. आईने त्यांना सांगितलं, "तिले इचारून सांगतो," आणि फोन परत रेतीत ठेवला. मला तिने काही विचारलं नाही.

मास्कचं सांगेन. मनगटाचं सांगेन. थापांचंही सांगेन. ते तुम्ही पेपरात वाचू नये म्हणून आधी लिहिलं. लोकेश उद्या गोंदियाला जातो आहे, तिथून पत्र टाकेल.

आई म्हणते, ताईले चहाले बोलवायचं होतं. ती अजूनही म्हणते. हे पत्र वाचून झाल्यावर काय ते ठरवा.

पत्राच्या शेवटी 'तुमची' लिहितात. ती जागा मी मोकळी सोडली आहे.

. . . . . . श्रुतिका