ऐन भरतीला

गुदैबिया, मंगळवार संध्याकाळ

आमच्या पुण्याच्या साहेबाला समुद्र कळत नाही, की कळून घ्यायचाच नाही? इथे आखातात उत्तर किनाऱ्यावर भराव टाकण्याआधी पक्ष्यांची पाहणी होती. गेला ऐन भरतीला! सगळा चिखल पाण्याखाली, पक्षी बसणार कुठे? "पक्षी मफी, खलास," असं इथल्या अरबीत म्हणत 'पक्षी नाहीत' असा फॉर्म भरला.

मी म्हटलं, "साहेब, ओहोटीला येऊ. फ्लेमिंगोंनी किनारा भरलेला असतो."

"तुम्ही कोकणातले लोक फार भावुक."

भावुक? आमच्या रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही भरती-ओहोटी कळते. मेला ऐन भरतीला गेला.

पण भरतीची वेळ त्याने कालच मला विचारली होती. कशाला हवी, मी विचारलं नाही. मिनिटासकट सांगितली. फॉर्मवर दुसरी सही माझी आहे.