फाटकावर बोललेलं खोटं आणि सेक्टर बाराचं घर

मी, सरला शहाजी जगदाळे, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी, कैलासवासी सुभेदार शहाजी जगदाळे यांची बायको, राहणार सेक्टर बारा, द्वारका, नवी दिल्ली, हे माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. कोणी धाक घातलेला नाही. घालायला घरात दुसरं माणूसच नाही. वकिलाने छापील नमुना दिला होता, त्यात "सदरहू" नऊ वेळा होतं. मी माझ्या बोलीत लिहिते. समजलं म्हणजे झालं.

एक. सुभेदारांची मेडलं, टोपी आणि रेजिमेंटचा फोटो माझा पुतण्या जयदीप, राहणार गुरुग्राम, एकतिसावा मजला, याला द्यावा. जयदीप, लॉकडाऊनमध्ये तू म्हणालास, "काकू, काही लागलं तर बिनधास्त फोन करा, बिल्कुल संकोच नको." मी दोनदा केला. दोन्हीदा तुझी मीटिंग होती. राग नाही. मेडलं दिवाळीला पुसत जा, ब्रासो सिंकच्या खाली आहे.

दोन. शिलाई मशीन जयदीपच्या बायकोला, रुचिताला, देऊ नये. तिने ते हॉलमध्ये वर कुंडी ठेवायला मागितलं होतं. मशीन चालू आहे. खाली इस्त्री करणाऱ्याच्या बायकोला द्यावं, ती त्यावर शिवेल.

तीन. मेल्यावर तेरावा, जेवण, फोटोला हार, काही नको. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं येतील, तेवढं पुष्कळ.

चार. घर.

हे कलम लांब आहे. जयदीपने चहा घेऊन बसावं.

सुभेदार वारले त्याला दोन वर्षं झाली होती. मूल आम्हाला झालं नाही. दुसऱ्या मजल्यावरची क्षिप्रा तेव्हा गुरुग्रामच्या कंपनीत होती. कंपनी दर वर्षी कामावरच्या पोरांना काठमांडूच्या एका अनाथालयात सेवा करायला न्यायची. एक जागा रिकामी झाली. क्षिप्रा म्हणाली, "काकू, चलो ना. घरात भिंतीच बघता." मी गेले.

तिथेही भिंतीच होत्या. पंधरा दिवसांसाठी सारख्या टी-शर्टातली पोरं यायची, एक भिंत रंगवायची, लेकरांना कडेवर घेऊन फोटो काढायची आणि विमानतळावर रडायची. पुढच्या वर्षी नवी पोरं यायची आणि तीच भिंत रंगवायची. मी रंगवली नाही. तिथल्या एकतीस लेकरांच्या डोक्यात उवा होत्या. मी फणी मागितली.

क्षिप्रा परत गेली, मी राहिले. वर्षातले आठ महिने तिथे, चार इथे. सगळी मला आजी म्हणत. त्यांत एक सुनमाया होती, सुनमाया तमांग, सहा वर्षांची. केस विंचरताना मान हलवायची नाही, पण तोंड बंद नाही. माझ्याकडून महिन्याभरात हिंदी उचलली आणि मलाच सुधारायला लागली. "आजी, तुम गलत बोलती हो. लड़की जाती है. जाता नहीं है." मी म्हणायचे, "तू गप बैस, मास्तरीण."

कागदावर तिची आई मेलेली होती.

नेपाळात चैत्राच्या अवसेला आईचा दिवस असतो. ज्यांची आई जिवंत आहे ते तिला गोड नेऊन देतात. ज्यांची मेली आहे ते मातातीर्थ म्हणून कुंड आहे, तिथे जाऊन अंघोळ करतात. माझ्या दुसऱ्या वर्षी संचालकांनी सगळ्या पोरांना बसने तिथे नेलं, बरोबर कॅमेरावाले. सगळी पोरं पाण्यात उतरली. सुनमाया काठावर उभी.

मी म्हटलं, "चल, बेटा."

ती म्हणाली, "मैं क्यों नहाऊँ? मेरी आमा है."

मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. परतीच्या बसमध्ये तिनेच सगळं सांगितलं: गावाचं नाव, दोन बकऱ्या, शाळेत घालतो म्हणून घेऊन आलेला माणूस, आणि वळणापर्यंत आलेली आई. मी खिडकीबाहेर बघत होते. मला सगळं समजलं आणि मी कोणाला काही बोलले नाही. बोलले असते तर पोरगी गेली असती.

त्याच वर्षी श्रावणात मी पिठोरी केली, आया लेकरांसाठी करतात ती. लग्न झाल्यापासून जावांची बघत होते, स्वतः कधी केली नव्हती. खीरपुरीचं ताट डोक्यावरून मागे धरलं आणि विचारलं, "अतीत कोण?" म्हणजे दारी पाहुणा कोण आलाय. पोराने म्हणायचं, "मी." सगळी पोरं मला आजी म्हणत होती, पण त्या दिवशी मला आजी व्हायचं नव्हतं. मी सुनमायाला आदल्या दिवशी शिकवून ठेवलं होतं. तिने ताट घेतलं. तिची आई जिवंत आहे हे माहीत असून मी ते केलं, हे इथे लिहिते.

मग दसरा जवळ आला. दुपारी एक बाई फाटकावर आली. पायात प्लास्टिकच्या चपला, पिंढरीपर्यंत चिखल. कपाळ बघितलं आणि मी ओळखलं, तेच कपाळ मी रोज विंचरत होते. संचालक आतूनच म्हणाले, "पागल है, किसी की भी बच्ची को अपनी बोलती है. भेज दो." पोरगी शाळेत होती, चारला येणार होती. तेव्हा दोन वाजले होते.

बाईने नाव घेतलं. मी म्हटलं, "इस नाम की लड़की यहाँ नहीं है."

तिने पुन्हा नाव घेतलं. मी पुन्हा तेच बोलले. तिने पिशवी पुढे केली. वर भाजलेला मका, खाली एक फ्रॉक, पोरगी घरून निघाली तेव्हाच्या मापाचा. मी पिशवी परत दिली. संचालकांनी मला हात धरून बोलायला लावलं नव्हतं. तोंड माझं होतं.

पुढच्या चैत्रात, कुंडावर जायच्या सकाळी, सुनमाया टॉवेल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "इस साल मैं भी नहाऊँगी. आमा आती नहीं. मर गई होगी."

मी तिला त्या बसमध्ये चढवलं नाही. दुसऱ्या बसने तिच्या गावाला नेलं. सहा तास बस, दोन तास चढ, माझे गुडघे तिथेच गेले. फूलमाया, म्हणजे तिची आई, अंगणात लाकडं फोडत होती. पोरगी पळत जाऊन तिच्या पोटात शिरली. फूलमायाने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "तब नहीं थी. अब है?"

तिने मला जेवायला वाढलं. तो विषय तिने पुन्हा कधी काढला नाही आणि पोरीलाही सांगितला नाही. मी पोरगी पळवली म्हणून संचालकांनी पोलिसात जायची धमकी दिली. गेले नाहीत, त्यांचं त्यांना माहीत. अनाथालयाचं फाटक मला बंद झालं. पुढे दर वर्षी त्या गावी जात राहिले, गुडघे होते तोवर.

सुनमाया आता वीस वर्षांची आहे, काठमांडूत नर्सिंग शिकते. माझं घर तिला द्यायचं आहे. वकील म्हणाला, नेपाळच्या माणसाच्या नावावर दिल्लीत घर करायला परवानग्यांचा घोळ आहे. म्हणून घर विकावं आणि येईल ते सगळं तिला द्यावं. विकायचं काम जयदीपने करावं, त्याला त्यातलं कळतं.

इथपर्यंत लिहून मी खाली टाकलं होतं: "फाटकावरची गोष्ट माझ्या पश्चात सुनमायाला वाचून दाखवावी." साक्षीदार म्हणून शेजारचे हरिदास बोरकर यांना वाचायला दिलं. ते सरकारी नोकरीत फायली वाचून रिटायर झालेत, प्रत्येक ओळ दोनदा वाचतात.

"वहिनी, हे तिला तुम्ही गेल्यावर कळणार," ते म्हणाले. "मग ती भांडणार कोणाशी? माझ्याशी?"

"तुम्ही सही करा हो. भाषण नको."

"सही करतो. पण हे पळून जाणं झालं."

आणि माझ्याच स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेले. ते आत असताना मी सुनमायाला फोन लावला. सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"गेट पर तुम थी, आजी?"

"मीच होते. मैं ही थी."

"आमा ने क्या बोला?"

"तेरा नाम. दो बार."

"और मैं कहाँ थी?"

"स्कूल में. दो घंटे में आने वाली थी."

मग तिने विचारलं, "फ्रॉक किस रंग की थी?"

"पीली."

फोन बंद झाला. हरिदासांनी चहा आणून ठेवला आणि काही विचारलं नाही. त्याबद्दल त्यांचे आभार.

तिचा फोन दर शनिवारी यायचा, नेपाळात तेव्हा सुट्टी असते. त्यानंतर तीन शनिवार गेले. फोन बिघडलेला नाही, मी दुकानात दाखवून आणला.

पाच. जयदीप म्हणेल, काकू, ती बोलत नाही, मग कशाला? बोलत नाही म्हणून वरचं कलम बदलायचं नाही. पैसे घे आणि बोल, असा हा सौदा नाही. तिने नको म्हटलं तर फूलमायाला विचारावं. तिनेही नको म्हटलं तर दोघींना पुन्हा त्रास देऊ नये, जयदीपने ठेवावं. मी मेल्याचं सुनमायाला कळवावं, पण "ये" म्हणू नये.

सहा. वकील म्हणतो, जिला द्यायचं तिच्याशी नातं काय ते लिहावंच लागतं. मी आधी मुलगी लिहिलं, ते खोडलं. मग नात लिहिलं, तेही खोडलं. दोन्ही खोडींवर माझी सही आहे. आता लिहिते ते कायम समजावं. नातं: काही नाही. द्यायचं तिलाच.

हे मी दोघांसमोर मोठ्याने वाचलं आणि मग सही केली. दोघांनी माझ्यासमोर केली.

सरला शहाजी जगदाळे

साक्षीदार:
१. हरिदास बोरकर, शेजारी
२. डॉ. अश्लेषा पटवर्धन (यांनी मला तपासलं, डोकं ठीक आहे असं वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे)

द्वारका, नवी दिल्ली
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५