अमेरिकन बाईंची कादंबरी आणि सासूबाई

सेलू, चैत्र व. ३
कादंबरीचं सातवं प्रकरण मराठीत उतरवलं. लिहिणारी अमेरिकेतली बाई, मागच्या शतकातली. तिच्याही आधी तिकडे इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढाई झाली, त्या लढाईची ही गोष्ट. म्हातारे शिपाई शोधत गावोगाव हिंडली म्हणे, विचारून विचारून लिहिलं. दुपारी नेहमीसारखं सासूबाईंना वाचून दाखवलं. फौज येते म्हणून बायका चांदी पुरतात. सासूबाई म्हणाल्या, "चांदी मागून. आधी बियाणं पुरायचं." पुढच्या पानावर खरंच बियाणं निघालं.

चैत्र व. ९
शेजारच्या मास्तरांच्या घराची झडती झाली. हे कचेरीतून आले ते बसलेच नाहीत. "राजाविरुद्धचं लिखाण घरात? आधीच धाकटा सरहद्दीपलीकडं गेलाय. जाळून टाक." भाऊजी जाऊन तीन महिने झाले. निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात आहेत, एवढंच कळलं. नंतर पत्र नाही.
इंग्रजी पुस्तक ठेवलं, ते इथं कोण वाचतंय. मराठी वह्या मीच चुलीत घातल्या. सातही प्रकरणं. त्याच जाळावर भाकरी केल्या.

वैशाख शु. २
आज डाळ निवडता निवडता सासूबाई आपणच पहिलं प्रकरण सांगायला लागल्या. "नवरा मेलेला, पोरगं लढाईला जायलाय. पर बाई दारात उभी हाय, रडंना." माझ्या वहीत 'तिने अश्रू आवरले' होतं. हे बरं आहे. लिहून घेतलं.

वैशाख शु. १०
चार प्रकरणं झाली, सगळी त्यांच्याच तोंडची. यांनी पाहिलं.
"काय लिहायलीस?"
"आई सांगायल्यात ते."
हे जाऊन पुढचं दार लोटून आले.

वैशाख व. ११
इंग्रजी पुस्तक वाचून संपलं. शेवटी मुलगा घरी येतो. सासूबाईंना सांगितलं, वाटलं खूश होतील. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "आन् जिनं हे लिवलं, तिचं पोरगं आलं का?"
तिचं चरित्र पुस्तकात दिलंय. तिचा एकुलता एक मुलगा पुढच्या एका लढाईत गेला, तो आलाच नाही. कादंबरी त्यानंतरची.
म्हटलं, "ते पान अजून वाचलं नाही."
माझ्याकडे बघत राहिल्या. "मग उद्या वाच," म्हणाल्या.