अठरा आणि दहा

मंगळवार, संध्याकाळ. मुक्काम सावली.

अठरा आणि दहा. दिवसभर हेच डोक्यात. गिरणीत धान वर चढवणाऱ्या एलेव्हेटरच्या मोटरीला वेग कमी-जास्त करायचा ड्राइव्ह मी बसवला. अर्ध्या वेगात त्याच्या पडद्यावर मोटरीचे अठरा अँपिअर, आणि ड्राइव्हला येणाऱ्या वायरीवर माझ्या मीटरमध्ये दहाच. येतात दहा, जातात अठरा? मी मालकांना सांगून मोकळी, ड्राइव्ह खोटा आहे, परत पाठवा. इतकी घाई काऊन केली मी?

दुपारी गिरणी चालवणाऱ्या सोमाभाऊंनी शेजारच्या मशीनच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "ते पाय. लहान पुली अठरा चकरा मारते तवा मोठी दहाच मारते. मंग आठ चकरा कोनी चोरल्या का? पट्टा एकच, ताकद एकच."

तेव्हा ध्यानात आलं. अर्ध्या वेगात ड्राइव्ह व्होल्टही निम्मे करतो, म्हणून मोटरीकडे अँपिअर जास्त. दोन्हीकडचे किलोवॅट, म्हणजे ताकद, पाहिले. जवळपास सारखे.

"आता मालकांना काय सांगू, भाऊ?"

"सांग, सोमाभाऊ चुकला. मायं काय जाते?"

नाही, चूक माझीच म्हणून सांगीन. पुलीचं मात्र मलाच सुचलं, असं म्हणावंसं फार वाटून राह्यलं.