दहाव्या प्रकरणानंतर

मंगळवार, संध्याकाळ

सातवीतल्या केतकीला ती कादंबरी मीच सुचवली. वाचनालयाच्या तासाला ती म्हणाली होती, "मॅडम, मोठ्यानं वाचायला चांगलं वाटेल असं द्या." कुणासाठी, हे विचारायचं मला सुचलंच नाही. भाषा गोड आहे म्हणून दिली. आणि दहाव्या प्रकरणात त्यातल्या मुलीची आई मरते.

आज तिची आत्या शाळेत आली तेव्हा कळलं, केतकीची आई धंतोलीच्या दवाखान्यात आहे. बरेच दिवस झाले. आत्या कौतुकानं सांगत होती, "रोज मायजवळ बसून वाचते. वहिनीले लय आवडून राहिलं तुमचं पुस्तक."

मी नुसती हसले. तिथल्या तिथे परत का नाही मागितलं? पण मागताना कारण काय सांगणार होते?

घरी आले तरी डोक्यात दहावं प्रकरणच. वाचलं असेल का? चहा तसाच निवला. शेवटी आत्याला फोन लावला, तर उचलला केतकीनंच.

"बेटा, ते दहावं प्रकरण..."

"माहीत आहे, मॅडम." ती बहुतेक खोलीबाहेर आली, आवाज बारीक केला. "मी आधीच वाचून घेतलं. आईले नाही वाचून दाखवलं. आता पुस्तक नुसतं हातात धरते अन् मनानंच सांगून राहिली. माझ्या गोष्टीत ती आई बरी होऊन घरी आली."

मी चहाचा कप बाजूला सारला.

"पण मॅडम, आता मले पुढचं सुचून नाही राहिलं. घरी आल्यावर ती काय करते?"

उद्या सांगते म्हणाले. कधीची बसले आहे, अजून एक ओळ सुचलेली नाही.