पांढऱ्या सूटातली तिसरी

रविवार, ४ जानेवारी
आलो बाई एकदाचे अबुधाबीला! दुबईतल्या त्या जुमेरा लेक टॉवर्सच्या खुराड्यातून सुटका झाली. इथला फ्लॅट झकास, खालच्या दुकानात चक्क मेथी मिळाली. आमची सहा वर्षांची ईशानी तर खिडकीतून हलायलाच तयार नाही. उद्या माझी नवी नोकरी. उपग्रहाची, सरकारी आणि इतकी गुप्त की निनादलाही काही सांगायचं नाही. नवऱ्याच्या पोटात काही राहत नाहीच म्हणा.

सोमवार, ५
उपग्रहाच्या खोलीत धुळीचा कण चालत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, उघडे फक्त डोळे. खतीजा मॅडम, म्हणजे आमच्या साहेब, त्यांनी जास्तीची खबरदारी म्हणून सूटांवरची नावंही काढून टाकलीत. कोण काम करतंय हे कुणाला कळायला नको. शिवाय आतबाहेर नेहमी जोडीने. दोन कार्डं लावल्याशिवाय दार उघडत नाही. माझा जोडीदार अबरार, हैदराबादी, महाबडबड्या. टिकलीसुद्धा काढावी लागते. मी ती कपडे बदलायच्या खोलीत आरशावर चिकटवली आणि येताना परत लावली.

बुधवार, १४
आज आत तिघं होतो. कोपऱ्यात एक बाई, माझ्याच उंचीची. सुरक्षेची असेल, मला वाटलं. बाहेर आल्यावर अबरार म्हणाला की आपण दोघंच तर होतो. मेला थट्टा करतोय.

सोमवार, १९
पुन्हा ती. स्क्रू आवळताना मी मान वाकडी करते, तर तीही करत होती. बाहेर आले तर आरशावर टिकली नाही. पडली असेल, पण खाली कुठेच सापडली नाही. निनादला सांगावं तर शपथ आड येते. घरी येऊन ईशानीला घट्ट धरून बसले. मला भीती वाटतेय.

गुरुवार, २२
शेवटी मॅडमना सांगितलं. त्यांनी नोंदी तपासल्या: रोज दोनच कार्डं, अबरारचं आणि माझं. दमलीस मुग्धा, हबीबती, म्हणाल्या, उपग्रह रवाना झाला की सुट्टी घे, इन्शाल्ला. सुट्टी नको, मला ती बाई तिथे नको आहे.

शुक्रवार, २३
आज ती अगदी जवळ आली. टोपीच्या कडेखाली माझी टिकली. डोळे — देवा, माझेच. अबरार तिच्याशी बोलत होता, ईशानीच्या शाळेबद्दल, आणि ती उत्तरं देत होती. सगळी बरोबर. मी त्याला हाक मारली. त्याने मान वर केली नाही.

सोमवार, २६
वही बाहेर राहिली. इथल्या निळ्या कागदावर लिहितेय. दुपारी मी हत्यारं जागेवर ठेवेपर्यंत अबरार आणि ती निघून गेले — दोन कार्डं. दुसरं माझं होतं. दार उघडत नाही. भिंतीवरच्या फोनवर गार्ड म्हणतो, मुग्धा मॅडम तर घरी गेल्या, कॅमेऱ्यात खोली रिकामी आहे.

खूप विनवलं. घरी फोन जोडून दिला त्याने. ईशानीने उचलला. मी म्हटलं, पिल्लू, मी आई.

“नो, आई इज हिअर,” ती म्हणाली. मग एकदम हळू आवाजात, “आई? देन हू इज —”

फोन कटला. आता गार्डही उचलत नाही — ईशू, बाबाजवळ जा, आत्ता जा, तिच्याबरोबर एकटी रा