सरदारला वेगळा बांध

राहू, वीटभट्टी
१८ फेब्रुवारी २०२५

मल्हारदादाला सुवर्णाचा नमस्कार. मी खुशाल आहे. खुशाल कसली, डोकं उठलंय. प्रतिभावहिनी, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, तर मधलं काही गाळू नका.

दादा, अकरा वेळा फोन केला. उचलत नाहीस. राग नाकावर घेऊन बसायची आपल्या घराची रीतच आहे.

इथं दोन गाढवं खोकतायत. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, जबड्याखाली गाठी. भट्टीवरचा जो तो डॉक्टर झालाय. रखमाजीमामा नाकात हळदीचं तेल ओतायला निघाले होते. खरे डॉक्टर ओरडले, ते फुफ्फुसात जातं म्हणून.

"आमच्या बापानं ह्येच केलं व्हतं."

"मग गाढव जगलं का?"

"न्हाई."

ही इथली अक्कल. माझी तरी कुठं वेगळी? पौषात जेजुरीच्या बाजारातून नवी गाढवी आणली, ती तेव्हाच शिंकत होती. धुळीनं असेल म्हटलं. आपल्या पद्धतीप्रमाणे पाच दिवस तिला जुन्यांच्याच तोंडाला बांधायच्या तोबऱ्यात भरडा चारला, म्हणजे कळप तिला आपलं मानतो. तू माझ्या कामाला मदत म्हणून सावडीला आणलेला सरदारही त्याच तोबऱ्यात खायचा.

आणि खोकला सुरू झाल्यावर सगळ्या भट्टीसमोर मी तुलाच बोलले, "तुझ्याच गाढवानं रोग आणला, घिऊन जा ते." तू सरदारला टेम्पोत चढवलंस.

काल गाढवीचा रिपोर्ट आला. ग्लँडर्स. माणसालाही होतो म्हणे. तिला इंजेक्शन देऊन मारली, खोल पुरली, तोबरे जाळले. इथून एखादं जनावर बाहेर गेलंय का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणाले. तुझ्यापुढे खोटी पडेन, एवढ्यासाठी. आज सकाळी आठवलं, वहिनी सरदारला हातानं भाकरी चारतात. तशीच दवाखान्यात गेले आणि खरं सांगितलं.

पत्र आणणारा माणूस तिथलाच आहे. त्याच्यावर दार लावू नकोस. सरदारला वेगळा बांध, त्याची बादली दुसऱ्या जनावराला लावू नका, हात साबणानं धुवा, तुम्ही दोघंही तपासून घ्या. सरदारचं रक्त वाईट निघालं तर त्यालाही मारतील, हे लपवत नाही. त्या माणसाला शिव्या देऊ नकोस. मला दे, पण फोन उचलून दे.

तुझा सरदार इथं आला तेव्हा धडधाकट होता.

त्याला हातानं रोग चारून वर तुलाच बोल लावणारी तुझी बहीण,
सुवर्णा